इजिप्त: पाणी किती हात?

आम्ही सांगलीची माणसं. ऑगस्ट लागला की आमच्याकडे फोनवर पहिला प्रश्न "आयर्विनला किती झालं?" हा असतो, तब्येतीची चौकशी नंतर. बाहेरच्यांसाठी सांगते, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला ती ५७ च्याही वर गेली होती. तेव्हा हा फुटांचा हिशोब डोक्यात फिट बसलेलं माणूस इजिप्तला गेलं की त्याला काय दिसतं, त्याची ही पोस्ट. पिरॅमिडचे फोटो बघायला आला असाल तर ते सगळीकडे आहेत, माझ्यापेक्षा चांगले आहेत.

बरोबर नवरा आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण अजून पेपरात विसर्गाचे आकडे आले की पेन घेऊन बसतात. त्यांना पिरॅमिडचं काही कौतुक नव्हतं, "दगडावर दगड, पुढं काय" असं म्हणून मोकळे, पण अस्वानचं धरण बघायला मिळणार म्हटल्यावर पासपोर्ट स्वतःहून काढून आणला.

बहुतेक टूरवाले आधी कैरो, मग खाली लक्झर-अस्वान असं नेतात. आम्ही उलटं केलं, थेट अस्वान गाठलं आणि मग नदीबरोबर उत्तरेला आलो, आणि माझं ऐकाल तर तुम्हीपण तसंच करा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते त्यामुळे नकाशात खाली दिसणारा भाग तो "वरचा इजिप्त", दोन दिवस डोकं फिरतं मग सवय होते. आणि पाणी जिथून देशात शिरतं तिथून सुरुवात केली की पुढची देवळं आपोआप कळत जातात.

अस्वानला नदीच्या मधोमध एलिफंटाईन नावाचं बेट आहे, छोट्या लाँचने जाता येतं. तिथे नाइलोमीटर आहे. नाव ऐकून काहीतरी यंत्र वाटतं पण आहे ती नुसती दगडी भिंतींमधून नदीत उतरत जाणारी जिन्याची वाट, आणि बाजूच्या भिंतीवर मापाच्या खुणा. माप हातांचं, एक हात म्हणजे साधारण साडेबावन्न सेंटीमीटर. खुणांजवळ ग्रीक आकडे आहेत आणि नंतरच्या काळातले अरबीसुद्धा, म्हणजे राज्यं बदलली, देव बदलले, भाषा बदलली, पण पाणी मोजायची जागा तीच. अण्णा पायऱ्या उतरून खाली गेले, भिंतीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि वर बघून ओरडले, "अगं, ही तर गेज पट्टी!" तिथला रखवालदार दचकून उठला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला काही झालं की काय.

त्याचं गणित असं. इथियोपियाच्या डोंगरात पावसाळा पडायचा (आपल्याकडे पडतो त्याच महिन्यांत), ते पाणी निळ्या नाईलमधून जूनअखेरीला अस्वानपर्यंत यायला लागायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात पूर भरात असायचा आणि ऑक्टोबरला ओसरायचा, आणि मागे काळा गाळ टाकून जायचा. अस्वानला पाऊस जवळजवळ पडतच नाही हो, आकाश कोरडं ठणठणीत, जे काय आहे ते नदीतून येणार. त्यामुळे त्यांचं वर्षच तीन भागांत, पूर, पेरणी, काढणी. आणि पाणी किती चढलं यावरून त्या वर्षी किती जमीन भिजणार, किती पीक येणार आणि मुख्य म्हणजे सारा किती घ्यायचा ते ठरायचं. रोमन काळातला एक हिशोब आहे, खालच्या इजिप्तमधल्या मापाचा, १२ हात पाणी म्हणजे दुष्काळ, १३ म्हणजे उपासमार, १४ ला लोक खूश, १५ ला निश्चिंत, १६ ला दिवाळी (दिवाळी हा शब्द माझा). त्याच्या फार वर गेलं की मग परत वाट लागणार, गावं बुडणार. म्हणजे दुष्काळ आणि आनंदीआनंद यांच्यात फरक किती तर चार हात, आपल्या उंचीपेक्षा थोडा जास्त. हे ऐकलं आणि मला एकदम ती माणसं ओळखीची वाटायला लागली, रोज जाऊन भिंत बघणारी, आज एक बोट चढलं म्हणून घरी येऊन सांगणारी. फरक एवढाच की आम्ही पाणी चढू नये म्हणून बघतो आणि ते चढावं म्हणून बघायचे.

दुसऱ्या दिवशी हाय डॅम. टूरवाले इथे फोटोपुरते थांबवतात, खरं सांगायचं तर बघायला फार काही नसतं, रुंद मातीदगडाचा बांध, वरून रस्ता, एका बाजूला समुद्रासारखं पाणी. पण आमच्याबरोबर अण्णा होते. उंची १११ मीटर, लांबी ३,८३० मीटर, काम १९६० ला सुरू, १९७० ला पूर्ण, सोव्हिएत रशियाच्या मदतीने. साठा त्यांनी उभ्याउभ्या मोबाईलवर टीएमसीत काढला, आपलं कोयना १०५ टीएमसी आणि हे साडेचार हजारांच्या वर. नंतर पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. मग त्यांना जुनं धरण बघायचं होतं, १९०२ चं, खालच्या बाजूला आहे, ते दगडी बांधकामाचं, आणि ते ज्याने आखलं तो विल्यम विलकॉक्स हा जन्मला भारतात, शिकला रुरकीला आणि आधी नोकरीपण भारतातल्या कालव्यांवर करून मग इजिप्तला गेलेला. अण्णा हे सगळ्या ग्रुपला सांगत सुटले, जणू काही त्यांच्याच बॅचचा.

पण धरणाची दुसरी बाजू गाडीतच कळली, कारण ड्रायव्हर नुबियन होता. धरणाच्या मागे जो नासर सरोवर नावाचा फुगवटा आहे तो जवळजवळ ५०० किलोमीटर लांब, पार सुदानमध्ये गेलेला, आणि त्याखाली नुबियन लोकांचा जुना मुलूख, नुबिया, गेला. इजिप्त आणि सुदान मिळून लाखभर माणसं उठवली. इजिप्तमधल्यांना कोम ओंबोजवळ नवीन वसाहतींत आणून टाकलं, नदीकाठची माणसं नदीपासून लांब. ड्रायव्हरची आजी शेवटपर्यंत म्हणायची की इथलं पाणी नळाला येतं, ते नदीचं नाही. आता हे कोयना-वारणेच्या धरणग्रस्तांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही. अण्णा, जे एरवी धरणाविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत, ते गप्प बसून होते, आणि उतरताना त्याला नेहमीपेक्षा जास्त टिप दिली.

देवळं मात्र वाचवली, आणि कशी वाचवली ते बघायचं तर अबू सिंबेल. अस्वानहून पहाटे चारला निघायचं, वाळवंटातून साडेतीन तास, हॉटेल हातात एक खोका देतं त्यात थंड ब्रेड आणि उकडलेलं अंडं. पोचलं की आधी तलाव दिसतो, मग टेकडीला वळसा घालून समोर रामसेस राजाचे ते चार पुतळे, प्रत्येक २० मीटर उंच, बसलेले. तेहतीसशे वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेलं हे सगळं देऊळ १९६४ ते ६८ मध्ये करवतीने कापून, वीस-तीस टनांचे हजाराच्या वर तुकडे करून, ६५ मीटर वर आणि दोनेकशे मीटर मागे नेऊन पुन्हा जोडलं. युनेस्कोने जगभरातून पैसे गोळा केले. मागची टेकडी खोटी आहे, आत काँक्रीटचा घुमट. सांधे शोधायला गेलात तर मूर्तीच्या पायाजवळ बारीक रेघा सापडतात, चेहऱ्यावर नाही सापडत. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की दुसऱ्या मूर्तीचं डोकं जुन्या भूकंपात पडलेलं होतं, तर नवीन जागी आणतानापण ते पडलेलंच ठेवलं, जसंच्या तसं पायाशी. दुरुस्त करायचा मोह आवरणं सोपं नाही.

वर्षातून दोनदा उगवत्या सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तींवर पडतात (आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवला ना? मलापण), ते आता २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर, जागा हलवण्याआधी २१ ला पडायची म्हणतात. गाभाऱ्यात चार मूर्ती, त्यातला प्ताह अंधारातला देव म्हणून त्याच्यावर ऊन पडत नाही. पण मला त्या देवळात खरं दाखवायचं आहे ते बाहेर, सिंहासनाच्या बाजूला, जिथे लोक थांबत नाहीत. तिथे नाईलच्या पुराचे देव कोरलेत, दोघं जण कमळ आणि पपायरस या लव्हाळ्याची गाठ मारतायत, वरचा आणि खालचा इजिप्त एकत्र बांधतायत. पुराच्या देवाचं नाव हापी, आणि तो म्हणजे सुटलेलं पोट, लोंबणारी छाती, खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. बाकी बहुतेक देव आणि राजे सडपातळ, सहा पॅकवाले, आणि पूर तेवढा पोटवाला. कारण सरळ आहे, तो आला की घरात धान्य येतं. आमच्याकडे पुराला कुणी असं रूप देईल का, २०१९ नंतर तर नाहीच.

फिले पण हलवलेलं देऊळ, इसिस देवीचं, शेजारच्या बेटावर. इथे होडीने जावं लागतं म्हणून जास्त सुंदर वाटतं. चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा लेख इथे आहे, इ.स. ३९४ च्या ऑगस्टमधला, त्यानंतर ती लिपी लिहिणारं कुणी उरलं नाही. ऑगस्ट म्हणजे पूर भरात, हे माझं मी लावून घेतलं.

मग क्रूझ. याबद्दल थोडक्यात, खाणं बरं, शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, काठाला खजुराची झाडं आणि मागे लगेच वाळवंट, हिरवा पट्टा इतका अरुंद की चालत ओलांडावा. ऊस मात्र भरपूर! अण्णा आणि नवरा डेकवर बसून कुठली जात असेल, एकरी किती पडत असेल यावर तास घालवू शकतात हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. कोम ओंबोला देऊळ जुळं आहे, एक बाजू मगरदेव सोबेकची, एक होरसची, आणि मागे मगरींच्या ममींचं म्युझियम, आणि अंगणात परत एक खोल गोल विहीर, ती पण पाणी मोजायची. इथे अण्णांनी आता गाईडला शिकवायला सुरुवात केली होती. एडफूला देऊळ अप्रतिम, पूर्ण शाबूत, पण तिथे घोडागाडीतून नेतात आणि घोड्यांच्या बरगड्या मोजता येतात, आम्ही रिक्षा केली, तुम्हीपण करा. एस्नाला लॉकमध्ये बोट थांबली की बाजूने छोट्या होड्यांतून फेरीवाले येतात आणि चादरी, झगे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट चौथ्या मजल्यावर डेकवर भिरकावतात, आवडलं तर पैसे त्याच पिशवीतून खाली टाकायचे, नाहीतर माल परत फेकायचा. नेम असा की एक पिशवी नवऱ्याच्या चहाच्या कपाला घासून गेली. "अमिताभ बच्चन! गुड प्राइस!" हे आहेच.

आता लक्झर, आणि कर्नाकचं देऊळ. तिथल्या खांबांच्या दालनाबद्दल तुम्ही वाचलं असेल, १३४ खांब, मधले बारा २१ मीटर उंच, मान दुखते. पण हे खांब म्हणजे पपायरसचं रान आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. मधल्या उंच खांबांची डोकी उमललेली, बाकीच्यांची कळ्या. त्यांची समजूत अशी की सुरुवातीला सगळीकडे पाणीच होतं आणि त्यातून मातीचा पहिला उंचवटा वर आला, म्हणून देवळात आत जाल तशी जमीन थोडी थोडी चढत जाते, छत उतरत जातं आणि गाभारा म्हणजे तो उंचवटा. दालन म्हणजे काठची दलदल. म्हणजे देऊळच मुळी पुराचं बांधलेलं आहे.

आणि खरोखरचा पूरही आत यायचा! कर्नाकच्या दारासमोर जुना धक्का आहे, एकेकाळी नदी तिथपर्यंत होती, आता बरीच पश्चिमेला सरकलीय. तिकीट काढून सगळे त्याच्यावरूनच पुढे जातात. त्या धक्क्याच्या दर्शनी भागावर कुठल्या राजाच्या कितव्या वर्षी पाणी इथपर्यंत आलं ते कोरून ठेवलंय, सव्वीस-एकोणतीसशे वर्षांपूर्वीच्या पुरांच्या खुणा. आमच्या गल्लीत भिंतींवर ऑइलपेंटने "२००५" आणि त्याच्या वर "२०१९" अशा रेघा आहेत, त्यामुळे मी तिथून हलेना. ओसोर्कोन तिसरा नावाच्या राजाच्या वेळचा तर लक्झरच्या देवळात लेखच आहे की पाणी देवळात शिरलं, सगळी देवळं दलदल झाली. आणि त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी तहार्का नावाच्या राजाच्या सहाव्या वर्षी तसाच प्रचंड पूर आला तर त्याने तो चमत्कार म्हणून मिरवला, पीक बक्कळ आलं, उंदीर आणि साप मेले, देवाची कृपा. आता यात कोण खरं? दोघंही. आमच्या नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक लांबून स्नानाला येतात, आणि तेच पाणी अजून चढलं की तेच लोक जनावरं सोडवून पळत असतात. एकाच नदीबद्दल एकाच आठवड्यात दोन्ही वाटू शकतं, हे नदीकाठी न राहिलेल्याला पटवणं अवघड आहे.

आता पूर येत नाही. १९६० नंतरच्या दशकात बंद झाला तो झालाच. गाळ धरणामागे अडकतो, शेतकरी रासायनिक खत टाकतो. आणि बारमाही पाणी मिळायला लागल्यापासून जमिनीतली ओल वर चढते, तिच्याबरोबर क्षार येतात आणि देवळाच्या दगडाचं पीठ करतात. लक्झरच्या खांबांच्या बुडाशी पांढरट पापुद्रे दिसतात, हात लावला तर बोटाला येतात (लावू नका). कर्नाक-लक्झरभोवती चर खणून भूजल खाली न्यायची योजना करावी लागली. अण्णा म्हणाले, "हे तर आपल्या शिरोळचं क्षारपड रान." बरोबरच आहे, ऊस आणि पाणी, तेच दुखणं.

पश्चिम काठावर राजांच्या थडग्यांची दरी, तिथे रंग बघून तोंडात बोट जातं, त्यावर मी काही लिहीत नाही. फक्त एक, ती थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव आहे जवळच, देर अल-मदिना, तिथल्या लोकांनी तिसऱ्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, धान्याचा शिधा थकला म्हणून काम बंद करून ठिय्या दिला. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप समजतात. घरं इतकी लहान आहेत की आमच्या हॉलमध्ये दोन बसतील.

कैरोला येईपर्यंत अण्णा पिरॅमिडला "बघू" एवढ्यावर आले होते. त्यांचं मन वळलं ते दगड बघून नाही. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला २०१३ मध्ये पपायरसचे कागद सापडले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळातली, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं, तुराच्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड होडीत भरायचा, नाईलमधून आणि कालव्यातून गिझाला पोचवायचा, मुक्काम कुठे, परत कधी, सगळं दिवसवार. पुराच्या दिवसांत पाणी पार पिरॅमिडच्या जवळ यायचं म्हणून हे शक्य. "अगं म्हणजे हे एमबी आहे!" अण्णा म्हणाले. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक, सरकारी कामावर ज्याच्याशिवाय बिल निघत नाही ते. मग पिरॅमिडसमोर उभं राहून उंची वगैरे सोडून कालवा कुठून आला असेल, धक्का कुठे असेल, यावर उंटवाल्याला प्रश्न. उंटवाला बिचारा "कॅमल, सर?" एवढंच म्हणत होता.

कैरोत एक जागा टूरच्या यादीत नसते, ती मुद्दाम सांगते. रोडा बेटावर नाइलोमीटर आहे, हा इ.स. ८६१ चा, खलिफाच्या काळातला. दगडांनी बांधलेली खोल चौकोनी विहीर, मधोमध संगमरवरी अष्टकोनी खांब, त्यावर हातांच्या खुणा, वर रंगीत लाकडी घुमट. पाणी १६ हात झालं की शहरात दवंडी, कालव्याचा बांध फोडायचा, सण. कैरोतल्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी सातव्या शतकापासूनच्या आहेत, आणि हर्स्ट नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने आयुष्य त्यात घालवून धरणात किती साठा ठेवावा याचं गणित मांडलं. आता नदीकडची भुयारं बंद आहेत, विहीर कोरडी. रखवालदाराला थोडी बक्षिशी दिली की तो खाली उतरू देतो, पायऱ्यांना कठडा नाही, जपून. आम्ही होतो तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं.

तिथून हॉटेलला जाताना टॅक्सीवाल्याने इथियोपियाच्या नवीन धरणाचा विषय काढला, निळ्या नाईलवरचं, २०२५ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालं. त्याचं म्हणणं, वरच्यांनी पाणी अडवलं तर आम्ही काय प्यायचं. अण्णांनी त्याला कृष्णेवरचं कर्नाटकातलं आलमट्टी धरण समजावून सांगायला घेतलं, तिथे खालच्यांनी अडवलं तर आमच्याकडे तुंबतं अशी आमची तक्रार. मी मधे भाषांतर करत होते, इंग्रजीतून तुटक अरबीत आणि परत, दोघांचं एकमत झालं की धरणवाले लबाड असतात, आणि हे बोलणारा माणूस पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होता.

आता त्यांना खार्टूमला जायचंय, पांढरी आणि निळी नाईल जिथे मिळतात तो संगम बघायला. मी म्हटलं अण्णा, तिकडे युद्ध चालू आहे. "मग थांबू," म्हणाले, "तोपर्यंत इथियोपियाचं तिकीट बघ."